हँडल पूर्ण डावीकडे

पेट्रोलची टाकी तिने मागून हलकेच उचलली आणि पुढच्या रबरांमधून ओढून बाहेर काढली. नळी आधीच सोडवली होती, तरी टोकातून थोडं पेट्रोल पायावर सांडलं. अप्पा शेजारी स्टुलावर बसले होते. पट्टी बांधलेला गुडघा त्यांनी लांब सोडला होता. टाकी धरायला ते पुढे वाकले, तशी तिने मान हलवली आणि स्वतःच ती नेऊन भिंतीशी गोणपाटावर ठेवली.

"एवढी नाजूक नाहीये ती," अप्पा म्हणाले.

"टाकीची काळजी नाही. गुडघ्याची आहे."

टाकी निघाल्यावर मोटरसायकल अंग चोरून उभी असल्यासारखी दिसत होती. मधल्या लोखंडी नळीवरून वायरिंगचा बोटभर जाड दोर काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला, बॅटरीपासून हँडलपर्यंत गेला होता. त्यातच कुठेतरी काहीतरी आहे, असं अप्पांचं म्हणणं होतं. चालता चालता गाडी मरते, थोडा वेळ तशीच राहते आणि मग काही झालंच नाही अशी सुरू होते.

अप्पांचा जन्म टेलिफोनच्या तारा दुरुस्त करण्यात गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना लाइनमनच म्हणायची. गाडी त्या नोकरीतलीच. शिडी बांधून, तारेची वेटोळी खांद्याला अडकवून ते तिच्यावरून हिंडले होते. अलीकडे तिच्यावर एकच काम उरलं होतं, नातीला सकाळी शाळेत सोडायचं आणि दुपारी आणायचं. चिमणी मागे बसायची, दोघांच्या मध्ये दप्तर, आणि त्या दप्तरावरून हात पुरवून ती आजोबांचा सदरा घट्ट धरायची.

मग एक-दोनदा अप्पा बाजारातून फार उशिरा आले. गाडी बंद पडली होती म्हणाले. आणि मागच्या आठवड्यात, पाण्याच्या टाकीजवळच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर ते गाडीसकट पडले. एकटेच होते, एवढं बरं.

मेकॅनिकने गाडी ठेवून घेतली, प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, आणि आजोबा, गाडी ठणठणीत आहे, असा निरोप देऊन परत पाठवली. तिच्या भावाने, म्हणजे चिमणीच्या वडिलांनी, त्यातून काढायचा तो अर्थ काढला. नाचता येईना अंगण वाकडं, असं तो स्वयंपाकघरात बायकोला म्हणाला आणि ते अप्पांनी ऐकलं. त्यावरून दोघांची जुंपली. शेवटी ठरलं ते असं, की गाडीत दोष निघाला तर गाडी राहील आणि चिमणीही बसेल. नाही निघाला तर गाडी विकायची आणि अप्पांनी मुकाट्याने डॉक्टरकडे चालायचं.

त्याच दुपारी अप्पांनी लेकीला फोन केला होता. तू ये, एवढंच म्हणाले. ती रजा टाकून आली.

तिचं काम वजनकाटे तपासण्याचं. प्रयोगशाळांतले, औषधांच्या दुकानांतले, सोनारांकडचे. अप्पा तिला तपासनीसबाई म्हणायचे. अधूनमधून चुकणारा काटा तिला नवा नव्हता. एका औषधवाल्याचा काटा फक्त दुपारी खोटं बोलायचा. खिडकीतलं ऊन टेबलाच्या एका कडेला तापवतं, हे कळायला तिला तिथे अख्खा दिवस बसावं लागलं होतं. सतत बिघडलेली वस्तू सोपी असते. कधीतरीच बिघडणारीला तिच्या वेळेवर गाठावं लागतं.

"पडलात तेव्हा हेडलाइट लागत होता का?" तिने विचारलं. "हॉर्न वाजत होता?"

"पडणारा माणूस हॉर्न वाजवून बघतो होय?"

"आणि त्याआधी, बाजारातून येताना?"

"थांबली. मी बसलो जरा. मग सुरू झाली."

"थांबली ती हळूहळू धक्के देत, की एकदम?"

अप्पांनी हातातल्या फडक्याची घडी केली, उलगडली. एकदम असेल, म्हणाले. कुठल्या खांबावरची तारांची कुठली जोडी कधी सडली होती, हे ज्यांना अजून पाठ होतं, त्यांच्या तोंडून 'असेल' ऐकणं तिला विचित्र वाटलं. पण पडल्यावर माणूस गोंधळतो, असं म्हणून तिने वीज मोजायच्या मीटरच्या वायरी सोडवल्या.

बॅटरी चांगली होती. तिच्या टोकांवरचं पांढरं खरवडून तिने ती पुन्हा घट्ट केली. फ्यूजची पकड पाहिली. चावीचा स्विच शंभरदा तरी फिरवला असेल. मग नळीला पेट्रोलची बाटली टांगून, इंजिन चालू ठेवून ती वायरिंगच्या दोरावरून बोटं नेत गेली. प्रत्येक ठिकाणी दाबायचं, वाकवायचं, ओढायचं आणि इंजिनचा आवाज ऐकायचा. हँडलच्या मानेपाशी ती सर्वांत जास्त रेंगाळली, कारण जुन्या गाडीत वायर झिजते ती तिथेच, रोज वळून वळून. तिने हँडल पूर्ण उजवीकडे नेलं, पूर्ण डावीकडे नेलं, दोर पिळून पाहिला. इंजिन एकसारखं बोलत राहिलं.

मग तिने एक छोटा बल्ब आणला. इंजिनला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलकडे जी वायर जाते, तिच्यावर त्याची जोडणी केली आणि तो वेगाच्या काट्याशेजारी टेपने चिकटवला.

"हा कशाला?" अप्पांनी विचारलं.

"साक्षीदार. गाडी मेली आणि हाही विझला, तर वीज पोचत नाहीये. गाडी मेली आणि हा जळत राहिला, तर दोष वायरिंगमध्ये नाही."

अप्पांनी वाकून त्या बल्बकडे पाहिलं. युक्ती चांगली आहे, म्हणाले, पण एरवी करायचे तशी त्यात आणखी सुधारणा सुचवली नाही.

ती दिवसभर गाडी फिरवत राहिली. पाण्याच्या टाकीपासच्या सरळ रस्त्यावर, खड्ड्यांतून, चढावर, इंजिन हाताला चटका देईपर्यंत. बल्ब डोळे लावून बसल्यासारखा जळत होता. परत आल्यावर गाडीवर पाणी मारून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाऊ कामावरून आला की चपला काढतानाच विचारायचा, आणि तिने नाही म्हटलं की अप्पांकडे न बघता आत जायचा. जेवताना तो म्हणाला, ताई, तुझ्या रजेपेक्षा ती गाडी स्वस्त आहे. अप्पांनी ताट पुढे सारलं आणि ते उठले. ती मात्र शांतपणे जेवत राहिली. न सापडणं म्हणजे नसणं नव्हे, एवढंच तिने भावाला सांगितलं. ती शोधल्याशिवाय जाणार नव्हती.

भांडी आवरताना वहिनी तिच्याजवळ आली.

"ताई, रागावू नका. दोष सापडला नाही, तर अप्पांचं तोंड मला बघवणार नाही. आणि सापडला, तर पोरीला पुन्हा मागे बसवायचं माझ्या जिवावर येईल. तुम्ही नक्की काय शोधताय?"

"असेल ते," ती म्हणाली.

वहिनीने ताटली पुसून फडताळात ठेवली. मग ती पुन्हा काढून पुन्हा पुसली.

सकाळी ती वायरीचे चिमटे आणायला दुकानात गेली. परत आली तेव्हा अप्पा फाटकाशी उभे होते. स्टूल रिकामं होतं.

"काल गरम इंजिनावर बघितलंस," ते म्हणाले. "आज थंड इंजिनावर बघ. काढ बाहेर."

गाडी लावायची जागा म्हणजे घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली पट्टी. फाटकातून निघायचं तर हँडल पार कडेपर्यंत डावीकडे वळवून, पाय टेकत टेकत गाडी काढावी लागे. तिने किक मारली. बल्ब लागला. क्लच अर्धा सोडून ती फाटकाशी वळली, हँडल शेवटपर्यंत गेलं, आणि पायाखालचा आवाज एकाएकी नाहीसा झाला.

बल्ब विझला होता.

"बघ," अप्पा मागून म्हणाले. "वायरिंगच आहे. मी म्हणत होतो."

तिने हँडल सरळ केलं. बल्ब लागला. डावीकडे नेलं, विझला. तिच्या मानेवरून एक शिरशिरी गेली, खोटं बोलणारा वजनकाटा पकडल्यावर जायची तशीच. अप्पांना ओरडून सांगावं असं वाटलं, आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की ते उभे होते तिथून, तिच्या पाठीआडून, त्यांना बल्ब दिसणं शक्य नव्हतं.

तिने गाडी आत घेतली. सीट, मग टाकी. या वेळी अप्पा मदतीला पुढे झाले नाहीत.

हँडलच्या मानेपाशी दोरावर धूळ होती तशीच होती. पण बोट फिरवल्यावर ती बोटावर आली. खालच्या टेपवरची जुनी धूळ तेलात मुरलेली होती, ती निघत नव्हती. तिने नखाने टेपचं टोक शोधलं. टोक उचललेलं नव्हतं, कुठे चुरगळलेलं नव्हतं. प्रत्येक वेढा आधीच्याच्या बरोबर अर्ध्यावर बसलेला, आणि शेवटचा वेढा न ताणता नुसता ठेवून अंगठ्याने दाबलेला. ताणला की तो दोन दिवसांत उलगडतो, शेवटच्याला मोकळं सोडायचं, हे तिला शाळेच्या वयात याच अंगणात कुणी शिकवलं होतं ते तिला आठवावं लागलं नाही. जगात हे बऱ्याच जणांना येत असेल. या घरात दोघांनाच येत होतं.

आतली वायर कापलेली नव्हती. वरचं आवरण घासून काढलं होतं, आणि तांब्याच्या बारीक तारा तुटलेल्या होत्या, दोन-तीन टोकं तेवढी एकमेकींना टेकलेली. वळून वळून तुटलेल्या तारा काळपट पडतात, कुठे हिरव्या होतात, आणि एकेक करत वेगवेगळ्या जागी तुटतात. या तारांची टोकं एका रेषेत होती आणि नव्या नाण्यासारखी चमकत होती.

ती उकिडवी बसून राहिली. मग उठली आणि हँडल पुन्हा हळूहळू डावीकडे नेऊ लागली. अर्ध्यावर, बल्ब जळत होता. त्याच्या पुढे, जळत होता. अगदी कडेला टेकल्यावरच वायरीला ताण बसत होता आणि टेकलेली टोकं एकमेकींपासून सुटत होती. आत वायर तेवढीच ढिली ठेवली होती, बोटाच्या पेरानेसुद्धा कमीजास्त नाही. पळत्या गाडीवर इतकं हँडल कुणी वळवत नाही, वळवलं तर गाडीच राहणार नाही. हा दोष फक्त या फाटकाशी, पाय जमिनीवर असताना दिसणार होता. रस्त्यावर तो कुणालाही पाडू शकत नव्हता.

म्हणजे त्याने अप्पांनाही पाडलेलं नव्हतं. ते तर सरळ रस्त्यावर पडले होते.

असला दोष करणाऱ्याला हे कळत नसेल असं नाही. पण त्या गाडीवरून लेक हिंडणार होती, म्हणून तो तिला न पाडणाराच केला होता.

"सोल्डर करायला हवं," ती म्हणाली. "टॉर्च धरता का? आत अंधार आहे."

अप्पा आले. गुडघा सांभाळत स्टुलावर बसले आणि त्यांनी प्रकाश नेमका तिथे टाकला. त्यांचा हात स्थिर होता, कायमच असायचा. तिने तुटकी टोकं थोडी छाटली, बारीक नवी वायर मध्ये घातली, दोन्हीकडच्या तारा एकमेकींत गुंफल्या. सोल्डरिंगची सळई तापायला लावली. ती तापेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं.

"अप्पा, पहिल्या दिवशी विचारलं होतं ते पुन्हा विचारते. गाडी कशी बंद पडली?"

सळईच्या टोकाशी धुराची रेघ उठली. तिने टोक ओल्या फडक्यावर पुसलं, चर्र असा आवाज झाला. सोल्डर वितळून तारांमध्ये शिरलं, आणि ते घट्ट होईपर्यंत तिने फुंकर न घालता वाट पाहिली.

"चालूच होती," अप्पा म्हणाले.

तिने मान वर केली नाही.

"आडवी पडली तरी चालू होती. मला कळलं तेव्हा मागचं चाक फिरत होतं. मी आधी चावी बंद केली, मग पाय काढला खालून. त्याच्याआधी मी दुकानांपाशी होतो, ते आठवतं. मधलं नाही."

"आणि बाजारातून उशीर झाला तेव्हा?"

"तेव्हा आधी कळलं होतं. डोळ्यांपुढे काजवे आले. थांबवली आणि कठड्यावर बसलो."

तिने जोडावर आवरणाची नळी सरकवली. पुढचा प्रश्न तिला विचारायचा नव्हता. पण तिने तो विचारला.

"चिमणी मागे असताना कधी?"

प्रकाश जोडावरून सरकून तिच्या मनगटावर गेला, आणि पुन्हा जागेवर आला.

"एकदा. शाळेतून येताना. ती उतरून फाटक उघडायला लागली, तेव्हा मला कळलं की आपण घरी आलोत. कुठल्या रस्त्याने आलो ते आजही सांगता येणार नाही." त्यांनी घसा साफ केला. "मी तिला पुन्हा बसवणार नव्हतो. गुडघा दुखतो म्हणणार होतो."

"किती दिवस दुखणार होता गुडघा?"

यावर अप्पा किंचित हसले. लेकीचं बोलणं पटलं की हसायचे तसे, नाकातून.

"तुझ्या भावाला नुसतं सापडला म्हण," ते म्हणाले. "खोटं नाही ते. सापडलाच आहे."

"हा परवा इथे नव्हता. तेवढं मी कुणाला सांगणार नाही." तिने टेपची नवी गुंडाळी उघडली. "पण याच्यामुळे तुम्ही पडलात, असंही मी म्हणणार नाही. तसा शिक्का माझ्या हातून मारला जाणार नाही, अप्पा."

"म्हणजे विकायची गाडी. आणि मी खाटेवर पडून गोळ्या मोजायच्या."

"ते आधीच कशाला ठरवता? मेकॅनिकने न तपासता प्लग बदलला, म्हणून तुम्ही त्याला शिव्या घातल्यात ना? स्वतःच्या बाबतीत तसंच करताय." ती वेढे घालत होती, अर्ध्यावर अर्धा. "अधूनमधून होणारं सहजासहजी सापडत नाही. डॉक्टर एकदा छाती तपासेल तेव्हा तिथे काही नसेलच. पण छातीला लावायचं यंत्र असतं. अंगावर घेऊन हिंडायचं, जेवायचं, झोपायचं. ते ठोके बघत राहतं. झालं की त्याच्यावर उमटतं."

अप्पांनी टॉर्च बंद केला.

"तुझ्या बल्बसारखं."

"तसंच."

"आणि त्याच्यावर नाही उमटलं तर?"

"तर पुन्हा लावू. माझी रजा आहे."

त्यांनी हात पुढे केला. तिला वाटलं, उठायला आधार हवाय. पण ते टेपची गुंडाळी मागत होते. शेवटचा वेढा त्यांनी घातला, टेप तोडली आणि टोकावर अंगठा दाबून ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

टाकी बसवून झाली तेव्हा तिने गाडी चालू केली, हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहिलं आणि बंद केली. वहिनी दारात येऊन उभी होती. तिने दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि चहा टाकते म्हणून आत गेली. शाळेची व्हॅन चिमणीला सोडून गेली. आल्या आल्या तिला गाडीवर चढायचं होतं. आत्याने उचलून तिला टाकीवर बसवलं, मग आईच्या हाकेसरशी उतरवलं.

भाऊ नेहमीपेक्षा लवकर आला. बायकोने फोन केला असावा. डबा हातात तसाच, चपला पायात तशाच, तो सरळ गाडीपाशी आला. सीट अजून लावायची होती, हत्यारं गोणपाटावर पसरलेली होती.

"सापडला म्हणे," तो बहिणीला म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. मग अप्पांकडे न पाहता, पण त्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "मी जरा जास्तच बोललो."

तिने अप्पांकडे पाहिलं. एवढं ऐकायलाच त्यांनी वायर घासली होती. आता ते ऐकून झालं होतं, आणि गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. तिने पान्हा उचलला आणि हातातच धरून ठेवला. ते बोलले नाहीत, तर तिला बोलावं लागणार होतं.

भाऊ गाडीशी उकिडवा बसला. टाकीखाली मान घालून बघू लागला.

"कुठे होता?"

अप्पा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीचा आधार घेत. त्यांनी स्टूल पायाने मुलाकडे सरकवलं आणि स्वतः पायरीवर बसले.

"तिथे नको बघू," ते म्हणाले. "इकडे बस, माझ्यासमोर."

भावाने डबा खाली ठेवला. ती सीटचे बोल्ट आवळायला वळली, एक झाल्यावर दुसरा, आणि दोघांकडे पाठ करून, आवाज न करता, सावकाश आवळत राहिली.